पाच मिली दूध

मॉनिटरचा अलार्म दोन मिनिटांपुरता बंद करता येतो. दोन मिनिटं झाली की तो आपोआप पुन्हा वाजायला लागतो. त्या दुपारी मी ते बटण दाबलं आणि बाळाच्या वडिलांना मान हलवून खूण केली. हात धुऊन, गाऊन चढवून ते मघापासून उभेच होते. वॉर्मरवर वाकून त्यांनी बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू आवाजात अजान दिली. मग डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज उभी राहताना देतात ती हाक. त्या बाजूला व्हेंटिलेटरची नळी आडवी येत होती, ती मी उचलून धरली. मध्येच अलार्म वाजला, मी पुन्हा दाबला.

अजान जन्मल्याबरोबर द्यायची असते. हे बाळ पाच दिवसांचं झालं होतं. जन्मल्यावर ते रडलंच नाही, आणि तेव्हापासून घरचे सगळे ॲम्ब्युलन्सच्या मागे धावत होते.

मी नाशिकच्या एका एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अठरा वर्षं नर्स आहे. आमच्याकडे मालेगाव, मनमाड, येवल्याकडून बाळं येतात, त्यातली बरीच मुसलमान घरांतली. हे मालेगावचं होतं. वडील पॉवरलूमवर कामाला. प्रसूती अडली आणि बाळाच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. अशा बाळाचं शरीर ३३.५ अंशांवर ७२ तास थंड ठेवलं तर मेंदूचं नुकसान कमी होऊ शकतं, पण ते जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करावं लागतं. बाळ आमच्या दारात आलं तेव्हा नऊ तास उलटून गेले होते. पाचव्या दिवशीही बुबुळं टॉर्चला दाद देत नव्हती, तोंडात बोट दिलं तर चोखत नव्हतं. ईईजीच्या रेघा जवळजवळ सपाट होत्या.

"ही माणसं यंत्र काढू देत नाहीत, सगळं अल्लावर सोडतात." ड्यूटी रूममध्ये हे मी इतक्यांदा ऐकलंय की कितीतरी वर्षं मलाही ते खरं वाटायचं. आता वाटत नाही. नकार येतो तो बहुतेक वेळा आमच्या विचारण्यामुळे. व्हेंटिलेटर काढायचा का ते सांगा आणि इथे सही करा, असं आम्ही कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या विचारतो. या बाळाच्या वडिलांनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं आणि मला विचारलं, "सिस्टर, हम सही किए तो गुनाह किसको लगेगा?"

आमच्या डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. तुमच्या मशिदीतले मौलाना येतील का, असं त्यांनी विचारलं. आमच्या युनिटमध्ये मी हे पहिल्यांदाच ऐकलं.

मौलाना संध्याकाळी आले. आधी त्यांनी विचारलं की बच्च्याला दुखतंय का. मग म्हणाले, "एक का नहीं, तीन डॉक्टर क्या बोलते हैं?" तीनच का, ते मला पुढे वाचनात कळलं. सौदी अरेबियाच्या फतवा समितीनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस म्हटलंय की तीन जाणकार, भरवशाच्या डॉक्टरांच्या मते आजार बरा होण्यापलीकडचा असेल तर रुग्णाला यंत्रानं जगवत ठेवण्याची गरज नाही. त्या फतव्यात हा निर्णय घरच्यांवर टाकलेलाच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घालून दिलेल्या आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीतही उपचार करणारे डॉक्टर आणि निदान दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ बसतं, मग दुसरं. सही मात्र आपल्याकडे घरच्यांची लागतेच.

दोन्ही मंडळं बसली. त्यांचं मत मौलानांनी वडिलांना त्यांच्या बोलीत समजावलं. जीव घेणं हराम आहे. पण ज्या इलाजाचा फायदा नाही तो करतच राहणं फर्ज नाही. डॉक्टरांनी इलाज थकल्याचं सांगितलंय, तू फक्त ते ऐकलंस. दुखू नये म्हणून औषध द्यायला हरकत नाही. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "दूध मत रोकना."

फाईलवर लिहिलं गेलं: व्हेंटिलेटर वाढवायचा नाही, छाती दाबायची नाही, ॲड्रेनलिन द्यायचं नाही. दर तीन तासांनी नळीतून पाच मिली आईचं दूध.

इथे एक सांगितलंच पाहिजे. आमच्याकडची बरीच बाळं अशी जातच नाहीत, ती 'डामा'वर जातात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, अशी बापाची सही. खरं कारण बहुतेकदा संपलेले पैसे असतं आणि ते कागदावर कुठेच येत नाही. मग आम्ही मागे म्हणतो, त्यांची श्रद्धाच तशी. याचा मला संताप येतो.

आई ओली बाळंतीण. या दिवसांत नमाज नाही, म्हणून आपली दुआही पोचत नाही असं तिच्या मनानं घेतलं होतं. दुआला कधीच बंदी नसते, हा मौलानांचा निरोप नवऱ्यानं आणला तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. सातव्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून नळ्या-वायरींसकट बाळ तिच्या मांडीवर दिलं. नानीनं कापसाच्या बोळ्यानं झमझमच्या पवित्र पाण्याचा थेंब त्याच्या ओठांना लावला. पाऊण तासानं मॉनिटरवरचे ठोके उतरत गेले. या वेळी मी अलार्म बंदच करून ठेवला होता.

गालावरची चिकटपट्टी मी तेल लावून सोडवली, कातडी निघू नये म्हणून. वडिलांना काळजी होती की बाळ कधी रडलंच नाही, मग जनाज्याची नमाज होईल का. सात दिवस काळीज चाललं, नमाज होणार, असं मौलानांनी फोनवर सांगितलं. तासाभरात कागद पुरे केले. पोराला दुपट्यात गुंडाळून दोन्ही हातांवर घेऊन वडील जिना उतरले.

फ्रिजमध्ये आईच्या नावाच्या दुधाच्या दोन बाटल्या उरल्या होत्या. निघताना तिनं विचारलं, हे दुसऱ्या कुणा बाळाला देता येईल का? "लेकिन किसका बच्चा है वो बताना पड़ेगा, सिस्टर. दूध का रिश्ता बन जाता है ना, मेरे बेटे का भाई होगा वो." आमच्याकडे मिल्क बँक नाही, एकीचं दूध दुसरीच्या बाळाला आम्ही देत नाही. मला नाही म्हणावं लागलं. तिनं दोन्ही बाटल्या ओढणीत गुंडाळल्या आणि घेऊन गेली.