कोविडनंतरचा दीर्घ अशक्तपणा

साथ ओसरली की तिची आठवणही हळूहळू ओसरते. महाराष्ट्रात कोविडचा पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळला. त्यानंतरच्या तीन वर्षांत राज्यात ८१ लाखांहून अधिक व्यक्तींना लागण झाल्याची नोंद झाली आणि १ लाख ४८ हजारांवर माणसे दगावली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीबाबतची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु ज्यांचा ताप उतरला, ज्यांच्या चाचणीतून विषाणूही नाहीसा झाला आणि तरीही ज्यांना पूर्वीसारखे बरे कधी वाटलेच नाही, अशा रुग्णांचा प्रश्न त्या घोषणेने सुटलेला नाही. थोडे चालले की धाप लागते, काल सांगितलेले आज आठवत नाही, झोप येऊनही शीण जात नाही, अशा तक्रारी घेऊन हे रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जात राहतात.

या स्थितीला प्रथम नाव दिले ते रुग्णांनीच. इटलीतील पुरातत्त्व संशोधक एलिसा पेरेगो यांनी स्वतःच्या न संपणाऱ्या आजाराचे वर्णन करताना मे २०२० मध्ये ‘लाँग कोविड’ हा शब्द वापरला आणि पाहता पाहता तो जगभर रूढ झाला. वैद्यकशास्त्राने त्याची व्याख्या केली ती त्यानंतर सुमारे दीड वर्षाने. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये निश्चित केलेल्या व्याख्येनुसार, लागण झाल्यापासून साधारणतः तीन महिन्यांनी जी लक्षणे दिसतात, किमान दोन महिने टिकतात आणि ज्यांचा उलगडा दुसऱ्या कोणत्याही रोगाने होत नाही, त्यांस कोविडोत्तर स्थिती म्हणावे. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही या रुग्णांच्या उपचाराविषयी सविस्तर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोविड झालेल्या शंभर जणांपैकी सुमारे सहा जणांना ही स्थिती ग्रासते. हे प्रमाण राज्यातील नोंदलेल्या रुग्णांना लावून पाहिले, तर संख्या चार लाखांच्या वर जाते. हा केवळ ठोकताळा आहे. प्रत्यक्ष प्रमाण लसीकरणानुसार आणि विषाणूच्या प्रकारानुसार बदलते, आणि चाचणीच न झालेले असंख्य रुग्ण या हिशेबाबाहेर राहतात. पुष्कळांची लक्षणे काही महिन्यांत कमी होत जातात, ही त्यातली दिलाशाची बाब होय. काहींची मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतात.

आपल्याकडील जुन्या पिढीला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. २००६ साली राज्यातील अनेक जिल्ह्यांत चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा ताप आठवड्यात गेला. सांधे मात्र पुढे कित्येक महिने धरलेले राहिले. सकाळी मूठ वळत नाही म्हणून विळा हाती घेता येईना, अशी माणसे गावोगाव होती. विषाणूजन्य आजारानंतर शरीर लगेच पूर्वपदावर येतेच असे नाही, हा अनुभव जुना आहे. कोविडने तो फार मोठ्या प्रमाणावर आणि एकाच वेळी साऱ्या जगास दिला, इतकेच.

तपासणी निर्दोष, रुग्ण मात्र आजारी

या रुग्णांची सर्वांत मोठी अडचण अशी की, छातीचे क्ष-किरण चित्र, हृदयाचा आलेख आणि रक्ताची सर्वसाधारण तपासणी बहुधा निर्दोष निघते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढे ऐकून घरची मंडळी निर्धास्त होतात आणि रुग्णावर आळशीपणाचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा शिक्का बसतो. स्त्रियांच्या वाट्याला हा शिक्का अधिक सहजपणे येतो. वस्तुतः नेहमीच्या तपासण्या ज्या गोष्टी मोजतात, त्यांपेक्षा निराळ्या ठिकाणी या आजाराचे मूळ असते.

ते मूळ नेमके कोठे आहे, याविषयी संशोधन चालू आहे. हा विषाणू मानवी पेशींत शिरतो तो पेशींच्या पृष्ठभागावरील ‘एस-२’ नावाच्या प्रथिनाच्या आधारे. हे प्रथिन फुफ्फुसांप्रमाणेच रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडे आणि आतडी येथेही असते. त्यामुळे एकाच विषाणूच्या खुणा इतक्या निरनिराळ्या अवयवांत का उमटतात, याचा अंदाज येतो. विषाणूचे अंश शरीरात दीर्घकाळ दडून राहणे, रोगप्रतिकारक यंत्रणेने शरीराच्याच पेशींवर उलटणे, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा होणे, तसेच अंगात सुप्तावस्थेत असलेले जुने विषाणू पुन्हा जागे होणे, अशी कारणे पुढे आली आहेत. सर्व रुग्णांत एकच कारण असेल असे आता फारसे कोणी मानत नाही.

ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. दीर्घ थकव्याचे २५ रुग्ण आणि २१ निरोगी व्यक्ती यांना त्यांनी एका जागी स्थिर सायकल चालवावयास लावली आणि त्या श्रमांच्या आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला. रुग्णांच्या स्नायूपेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांचे कार्य मंदावलेले होते आणि श्रमानंतर स्नायूंतील इजा वाढलेली दिसली. रुग्ण जे तोंडाने सांगत होते, ते स्नायूंतही दिसून आले.

दुसऱ्या दिवशी कसे वाटते?

‘अशक्तपणा’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या अवस्थांसाठी वापरतो, आणि उपचारातील बराचसा घोटाळा येथूनच सुरू होतो.

पहिल्या अवस्थेतील रुग्ण बहुधा रुग्णालयात, कदाचित अतिदक्षता विभागात राहून आलेला असतो. फुफ्फुसांवर व्रण राहिलेले असतात आणि आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहिल्याने स्नायू झडलेले असतात. अशा रुग्णास श्वसनाचे व्यायाम, रोजचे थोडे थोडे वाढविलेले चालणे आणि प्रथिनयुक्त आहार, म्हणजे डाळी, शेंगदाणे, दूध व अंडी, यांचा चांगला उपयोग होतो. आज घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, पुढच्या आठवड्यात चावडीपर्यंत, अशा बेताने ताकद वाढते.

दुसऱ्या अवस्थेतील रुग्णाचा कोविड पुष्कळदा सौम्य, घरीच बरा झालेला असतो. त्याला चालताना फारसे काही होत नाही. परंतु श्रम झाल्यानंतर काही तासांनी, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तो अक्षरशः कोसळतो. अंग ठणकते, डोके जड होते, उजेड व आवाज सहन होत नाहीत आणि ही अवस्था कित्येक दिवस टिकते. अशा रुग्णास ‘रोज थोडे जास्त चाला, म्हणजे अंगात शक्ती येईल’ असा सल्ला दिला, तर तो अधिकच खालावतो. ब्रिटनमधील आरोग्य मार्गदर्शक संस्थेने याच स्वरूपाच्या एका जुन्या थकवा-विकारासाठी ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवीत नेण्याची शिफारस २०२१ साली मागे घेतली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

म्हणून कोणताही व्यायाम सुचविण्यापूर्वी ‘श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कसे वाटते?’ हा प्रश्न विचारावा. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आशा कार्यकर्तीलाही तो घरभेटीत विचारता येतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटत असेल, तर हळूहळू पुढे जावे. प्रकृती ढासळत असेल, तर श्रमांची मर्यादा शोधून तिच्या आतच राहावे.

ही मर्यादा सांभाळणे म्हणजे शक्तीचा जमाखर्च ठेवणे होय. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा जुना हिशेब येथे शब्दशः लागू पडतो. बरे वाटते त्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकून टाकण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत पुढचे चार दिवस मोजावी लागते. त्याऐवजी कामांचे तुकडे करावेत. भाजी बसून चिरावी, धुणे दोन दिवसांत विभागावे आणि दोन कामांमध्ये थकवा येण्यापूर्वीच पाऊण तास आडवे व्हावे. कोणत्या दिवशी किती काम झाले आणि पुढे काय झाले, हे साध्या वहीत टिपून ठेवल्यास दोन-तीन आठवड्यांत स्वतःची मर्यादा स्वतःलाच उमगते.

हा सल्ला देणे सोपे आहे, याची जाणीव ठेवली पाहिजे. उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड जोडप्यास एक खाडाही परवडत नाही. पहाटे पाणी भरण्यापासून ज्या गृहिणीचा दिवस सुरू होतो, तिला आडवे होण्यास कोणी सवड देत नाही. येथे औषधापेक्षा घरच्यांनी काम वाटून घेण्याचा आणि मालकाने काही महिने हलके काम देण्याचा उपयोग अधिक होतो. हंगामापूर्वी, उचल घेण्याच्याही आधी, ग्रामीण रुग्णालयात प्रकृती तपासून घेणे हे अशा कुटुंबांच्या दृष्टीने विशेष हिताचे ठरेल.

तालमीत किंवा व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनीही घाई करू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून तो २०२३ साली प्रसिद्ध केला. कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यू झालेला असणे, अतिमद्यपान आणि आधीच्या ४८ तासांतील अतिश्रम यांचा अशा मृत्यूंशी संबंध आढळला. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. गावोगावच्या गप्पांत याच्या नेमके उलट सांगितले जाते, म्हणून हा उल्लेख.

उभे राहिल्याबरोबर छातीत धडधडणे व चक्कर येणे हेही या आजारात वारंवार आढळते. पडून असताना आणि नंतर दहा मिनिटे उभे राहून नाडी मोजावी. प्रौढ व्यक्तीत ती मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा अधिक वाढून तशीच राहत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. भरपूर पाणी पिणे, सावकाश उठणे आणि पोटऱ्यांना घट्ट मोजे घालणे यांनी पुष्कळांना आराम पडतो. मीठ वाढविण्याचा उपाय मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये. रक्तदाबाच्या रुग्णास तो बाधेल.

वास आणि केस

वास न येणे ही तक्रार क्षुल्लक वाटते, पण गॅसची गळती वासावरूनच कळते. ज्या घरात रुग्ण एकटाच स्वयंपाक करतो, तेथे शेगडी व नळी यांची तपासणी वेळच्या वेळी दुसऱ्याकडून करून घ्यावी. या आजारात वास घेणाऱ्या मज्जापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या भोवतालच्या पेशींना प्रामुख्याने इजा होते, म्हणूनच बहुतेकांचा वास परत येतो. त्यासाठी घ्राणेंद्रियास सराव देण्याची पद्धत आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचा वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी सुमारे वीस सेकंद, मन एकाग्र करून घ्यावयाचा. हा सराव निदान तीन महिने चिकाटीने करावा लागतो. बिनखर्चाचा असल्यामुळेच बहुधा तो लोक अर्ध्यावर सोडतात.

आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. तीव्र तापानंतरचे हे नेहमीचे गळणे असून ते साधारणतः सहा महिन्यांत आपोआप थांबते.

प्रत्येक थकवा कोविडचा नसतो

कोविडोत्तर स्थितीचे निदान करण्यापूर्वी, ज्यांवर हमखास उपचार आहेत असे रोग वगळणे अत्यावश्यक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम आणि वजनात घट असल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ‘कोविडचा खोकला आहे, जाईल’ म्हणत काढलेले महिने रुग्णास व त्याच्या घरातील लहान मुलांना महागात पडतात. ही तपासणी व औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही असाच थकवा येतो. उपचारात स्टिरॉइडे दिलेल्या रुग्णांनी रक्तशर्करा अवश्य तपासावी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीच्या रोगाने मधुमेही रुग्णांचे डोळे व जबडे हिरावले, हा अनुभव फार जुना नाही.

या स्थितीवर रामबाण म्हणता येईल असे एकही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. कोविडवरील एक प्रमुख विषाणुविरोधी औषध सलग पंधरा दिवस देऊन अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात चाचणी झाली. तिचे २०२४ मधील निष्कर्ष निराशाजनक होते. तेव्हा शक्तीची सलाइने, शरीरशुद्धीचे महागडे संच आणि जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणलेली स्टिरॉइडे यांवर पैसे घालवू नयेत. लक्षणांनुसार उपचार, झोपेची निश्चित वेळ आणि पुन्हा लागण होऊ न देण्याची दक्षता हेच आजचे मार्ग होत. दीर्घ आजाराने मन खचणे स्वाभाविक आहे. त्यासाठी ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, एका बाजूची पोटरी सुजून दुखणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. इतर वेळी डॉक्टरांकडे जाताना कोविडच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि वर सांगितलेली वही बरोबर न्यावी. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत एका रुग्णाच्या वाट्याला चार-पाच मिनिटेच येतात; वहीतील दोन पाने डॉक्टरांनी चाळली, तर तेवढ्या वेळातही नेमके निदान होण्याची शक्यता पुष्कळ वाढते.