ज्युदोचा पहिला डाव : पुढे येणारा पाय झाडणे

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथे ज्युदोचा पाया घातला. त्यांच्या कोदोकान संस्थेने १८९५ मध्ये शिक्षणक्रमासाठी फेकीच्या डावांचे पाच गट पाडले व १९२० मध्ये फेररचना करून प्रत्येक गटात आठ, असे चाळीस डाव निश्चित केले. त्या यादीच्या आरंभीच ‘दे-आशी-बाराई’, म्हणजे पुढे येणारा पाय झाडणे, हा डाव येतो. पहिला म्हणून तो सोपा असे मात्र नव्हे. त्याला बळ थोडे लागते, पण वेळ अचूक साधावी लागते.

चालताना शरीराचा भार पुढच्या पायावर येऊ लागतो, परंतु पुरता आलेला नसतो, तो क्षण या डावाचा. प्रतिस्पर्ध्याने उजवा पाय पुढे टाकला की फेकणाऱ्याने आपल्या डाव्या तळव्याने तो पाय घोट्याखाली, बाहेरून आत झाडावयाचा आणि त्याच वेळी डाव्या हाती धरलेली त्याची बाही खाली ओढावयाची. तळवा केरसुणीसारखा जमिनीलगत फिरावा, करंगळीकडची कड चटईला घासत जावी. लाल मातीच्या आखाड्यात मल्लाच्या अंगावर धरावयास वस्त्र नसते. ज्युदोत जाड सुती अंगरखा असतो, म्हणून हातापायांचा हा मेळ जमतो.

भार अगोदरच पडला असेल तर पाय हलत नाही, डावाची लाथ होते आणि घोटा दुखावतो. फार लवकर झाडल्यास प्रतिस्पर्धी पाय उचलून उलट झाडतो. या प्रत्युत्तराला जपानीत पाकोळीच्या गिरकीवरून ‘त्सुबामे-गाएशी’ म्हणतात.

तथापि झाडण्यापूर्वी पडणे शिकविले पाहिजे. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि मोकळा हात तळव्यासह चटईवर आपटावयाचा. डोके खाली लागता कामा नये. जपानमध्ये २०१२ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकलांचे शिक्षण अनिवार्य झाले, त्या सुमारास ज्युदोत डोके आपटून विद्यार्थी दगावल्याच्या घटनांवर तेथे मोठी चर्चा झाली. शाळेत असा वर्ग काढू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानी घ्यावे. फरशीवर सतरंजी अंथरून हा अभ्यास करविणे सर्वस्वी अयोग्य होय.

आरंभी दोघांनी एकमेकांस धरून नुसते चालावे व तळवा घोट्याला केवळ टेकवावा. चालीची लय पायाला कळू लागली की मग झाडावे. फेकणाऱ्याने बाही मात्र शेवटपर्यंत सोडू नये. खाली जाणाऱ्याला तिचाच आधार असतो.