काट्यावरची चिठ्ठी

दिवाळी सरली की आमच्या काकांचा जीव टांगणीला लागायचा. रानात ऊस उभा. पण तोडीची पाळी कधी, ते कुणी धड सांगत नसे. चिटबॉयला गाठायचे, कारखान्यावर खेटे घालायचे. तोवर उसाला तुरे यायचे, वजन घटायचे. तोड झाली तरी काट्यावर किती टन भरला, हे विचारायला पुन्हा सायकल हाणायची. त्या सायकलच्या मागे बसून मीही गेलो आहे. चिठ्ठी हाती पडेपर्यंत काका बोलत नसत.

म्हणूनच १९९८ साली वारणानगरच्या प्रयोगाची बातमी वाचली, तेव्हा मला आधी ती सायकल आठवली. आमचा कारखाना वेगळा, पण दुखणे ओळखीचे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या आधाराने कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडायची, असा तो 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प. केंद्र आणि राज्य सरकारही त्यात होते. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सारे जग चावडीपाशी येणार, अशी स्वप्ने होती.

प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी संगणकाकडे मुख्यतः मागितले काय? उसाचे वजन, तोडीचा परवाना आणि खताचा हिशेब! पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथल्याच ७ गावांत ८ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या साध्या संदेशांवर हीच कामे करून पाहिली. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: हा मार्ग स्वस्त, सोयीचा आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडलेला.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करून शेवटी वजनच? मला तसे वाटत नाही. ज्याचा वर्षाचा संसार त्या एका आकड्यावर चालतो, त्याला तो आकडा घरबसल्या कळणे ही लहान गोष्ट नव्हे. यंत्र कोणते, हा प्रश्न नंतरचा. गावाला काय विचारायचे आहे, ते आधी ऐकावे लागते.

परवा गावी गेलो होतो. काका आता थकले आहेत. उसाच्या पहिल्या खेपेच्या वजनाचा संदेश त्यांच्या मोबाइलवर आला. चष्मा पुसून त्यांनी तो दोनदा वाचला, आकडा वहीत उतरवला आणि म्हणाले, "वजन कळलं रे बाबा. पण उरलेलं रान तोडायला मुकादम वरचे पैसे मागतोय, त्याचा मेसेज कुणाला करायचा?"