अभियांत्रिकीचं कॉलेज निवडताना : ऐकीव मतं आणि वस्तुस्थिती

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घराघरांत सल्ल्यांना ऊत येतो. शेजारचा मुलगा कुठं शिकतो, क्लासचे सर काय म्हणाले, रस्त्यावरच्या फलकावर किती लाखांचं पॅकेज लिहिलंय, यावरून कॉलेजांची नावं पुढं-मागं सरकतात. हा निर्णय मुलाच्या किंवा मुलीच्या चार वर्षांचा असतो, आणि बऱ्याच घरांत त्यासाठी साठवलेली पुंजी किंवा कर्ज लागतं. यातल्या जवळजवळ प्रत्येक दाव्याची खातरजमा करणारा कागद उपलब्ध असतो. तो ऑप्शन फॉर्म भरण्याआधी वाचायला हवा.

गैरसमज : ‘विद्यापीठ’ अशी पाटी असली की ते कॉलेजापेक्षा वरचं.

वस्तुस्थिती : पाटीवरून फक्त कायदेशीर दर्जा कळतो. पुण्याचं सीओईपी 1854 साली सुरू झालं, दीर्घकाळ विद्यापीठाशी संलग्न कॉलेज होतं आणि 2022 साली राज्याच्या कायद्यानं स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. संलग्न कॉलेज म्हणून काम केलेल्या त्या सगळ्या वर्षांतही त्याचा दर्जा वादातीत होता. सांगलीचं वालचंद कॉलेज 1947 पासूनचं. ते स्वायत्त आहे, तरी पदवी शिवाजी विद्यापीठाचीच मिळते.

स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र मूळ विद्यापीठ देतं. म्हणून ‘ऑटोनॉमस आहे, तर पदवी चालेल का?’ ही भीती अनाठायी आहे. मात्र स्वायत्तता मिळाली म्हणजे शिकवणं सुधारलंच, असंही नाही. मागच्या तीन-चार वर्षांत अभ्यासक्रमात काय बदललं, हे विभागप्रमुखांना थेट विचारावं.

गैरसमज : सरकारी कॉलेज सोडलं, तर बाकी सगळीकडं नियम आणि सवलती सारख्याच.

वस्तुस्थिती : पालकांचं सर्वांत जास्त आर्थिक नुकसान याच समजुतीनं होतं. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि तिथल्या बहुसंख्य जागा राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, भरल्या जातात. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं या व्यवस्थेबाहेर स्वतःची प्रवेश प्रक्रिया राबवतात.

याचा थेट परिणाम शिष्यवृत्तीवर होतो. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातले प्रवेश, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना हा लाभ लागू नाही. म्हणजे तीच मुलगी, तोच उत्पन्नाचा दाखला, आणि प्रवेशाची वाट बदलली की लाखोंचा फरक पडतो.

‘अभिमत म्हणजे खासगी’ हेही सरसकट खरं नाही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, 2008 पासून अभिमत विद्यापीठ आहे, पण ती शासकीय पाठबळ असलेली संस्था आहे. संस्था कोणत्या प्रकारात मोडते, हे नावानिशी तपासावं. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागेवरही फक्त शिक्षण शुल्क माफ होतं, विकास शुल्क आणि इतर रकमा भराव्या लागतात. त्या किती, हे प्रवेशाआधी लेखी घ्यावं.

गैरसमज : ऑप्शन फॉर्ममध्ये ‘मिळण्यासारखी’ कॉलेजं वर टाकावीत.

वस्तुस्थिती : जागावाटपात तुमची पसंतीची यादी वरून खाली तपासली जाते. वरची जागा गुणवत्तेत बसत नसेल तर पुढच्या पसंतीचा विचार होतो. आवाक्याबाहेरचं कॉलेज पहिलं लिहिल्यानं खालची संधी हुकत नाही. उलट मिळण्यासारखं कॉलेज वर आणि मनातलं कॉलेज खाली लिहिलं, तर वरचंच मिळतं आणि मनातल्याचा विचारही होत नाही.

2025 च्या प्रवेशांपासून हा क्रम आणखी महत्त्वाचा झाला आहे. चार फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एक मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाली, तर जागा आपोआप ‘फ्रीझ’ होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणून पहिल्या सहा ओळींत असं एकही कॉलेज नसावं, जे मिळाल्यावर घरात पस्तावा होईल. नियम बदलू शकतात, त्यामुळं त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहताना तो आपल्याच प्रवर्गाचा आणि आपल्याला लागू होणाऱ्या जागेचा आहे ना, हे बघावं. महिलांसाठीच्या, होम युनिव्हर्सिटीच्या आणि बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्राच्या जागांचे आकडे वेगवेगळे असतात.

गैरसमज : नॅकची ‘ए’ श्रेणी आहे, म्हणजे आपली ब्रँचही चांगली.

वस्तुस्थिती : नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करतं. एकेका अभ्यासक्रमाचं मूल्यांकन एनबीए करतं, तेही ठराविक मुदतीसाठी. एका कॉलेजात सिव्हिलला एनबीए असेल आणि कॉम्प्युटरला नसेल, असं होऊ शकतं. किमान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय एनबीएकडं अर्जच करता येत नाही. त्यामुळं नुकत्याच सुरू झालेल्या एआय किंवा डेटा सायन्सच्या ब्रँचला ते नसणार. जाहिरातीतलं एनबीए कोणत्या ब्रँचचं आणि कधीपर्यंतचं, हे एनबीएच्या यादीत पाहता येतं.

परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. अभियांत्रिकी पदव्यांना सदस्य देशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 साली स्थायी सदस्य झाला, पण त्याचा लाभ एनबीएच्या टिअर-1 गटात मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो.

गैरसमज : सर्वोच्च पॅकेज मोठं, म्हणजे प्लेसमेंट उत्तम.

वस्तुस्थिती : समजा, 60 जणांच्या वर्गात एकाला 40 लाखांची नोकरी मिळाली, 29 जणांना 4 लाखांची आणि 30 जणांना कॅम्पसमधून काहीच नाही. फलकावर ‘40 लाख’ झळकेल. नोकरी मिळालेल्यांची सरासरी 5 लाख 20 हजार निघेल. मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या विद्यार्थ्याचा पगार, 4 लाखच असेल. आणि अर्धा वर्ग या हिशेबातच नाही. ‘100 टक्के प्लेसमेंट’ हा आकडाही बऱ्याचदा पात्र ठरून नोंदणी केलेल्यांपुरता असतो.

एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना प्रवेश किती, वेळेत पदवीधर किती, नोकरी किती जणांना, मध्यक पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे आकडे द्यावे लागतात. ते सर्वांसाठी खुले असतात. संस्थेनं स्वतःच दिलेले असले, तरी फलकापेक्षा त्यांतून पुष्कळ जास्त कळतं.

गैरसमज : कॉम्प्युटर मिळालं नाही तर इंजिनिअरिंगला अर्थ नाही.

वस्तुस्थिती : 2024-25 पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेनं, ब्रँचमधल्या प्रवेशक्षमतेवरची मर्यादा शिथिल केली. ज्या कॉलेजांनी त्यामुळं कॉम्प्युटर आणि संबंधित शाखांच्या जागा वाढवल्या, तिथं वाढलेल्या तुकड्यांना शिकवायला अनुभवी प्राध्यापक आणि पुरेशा लॅब आहेत का, हा खरा प्रश्न आहे. वीस विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक हा एआयसीटीईचा निकष आहे.

केंद्र सरकारची अभियांत्रिकी सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार या चारच शाखांत होते, तिथं कॉम्प्युटर नाही. ज्याला यंत्रं, पूल किंवा वीज यांची मनापासून ओढ आहे, त्यानं भीतीपोटी ती वाट सोडू नये. कोडिंगची आवड असेल, तर अन्य शाखेतून मायनर पदवीचा पर्याय अनेक कॉलेजांत आहे.

भेट देताना काय पाहावं

पसंतीची यादी पक्की करण्याआधी शक्य तेवढी कॉलेजं प्रत्यक्ष पाहावीत, तीही मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन. लॅबमधली यंत्रं रोज वापरात दिसतात का, ते बघावं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावं : प्राध्यापक टिकतात का, प्रोजेक्ट स्वतः करता की विकत आणता, वसतिगृहात जागा मिळते का? एआयसीटीईच्या नियमानुसार कॉलेजनं जाहीर केलेली अनिवार्य माहिती वाचून त्यातली प्राध्यापकांची नावं विभागात ताडून पाहावीत.

हे सगळं करायला फार तर आठवडा लागतो. मुलांच्या चार वर्षांसाठी आणि घरच्या पैशासाठी तेवढा वेळ प्रत्येक कुटुंबानं काढलाच पाहिजे.