जुन्या अमेरिकन मोटारींचा जीर्णोद्धार

गांवांतील जुना वाडा किंवा जुनी विहीर मोडकळीस आली म्हणजे शहाणीं माणसें ती पाडण्यापूर्वी दोनदां विचार करितात. बांधणाऱ्याचें कसब त्या दगडाविटांत सांठविलेलें असतें, आणि एकदां तें नाहींसें झालें कीं पैसा ओतूनही परत मिळत नाहीं. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र असा विचार करण्याची आपणांस संवय नाहीं. गाडी जुनी झाली, तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, कीं ती भंगारवाल्याच्या हवालीं करावयाची, हाच रिवाज. परंतु कांहीं कारागीर अशा टाकलेल्या गाड्या, विशेषतः पूर्वींच्या अमेरिकन गाड्या, पुनः चालत्या करितात. हें काम कसें चालतें, त्यास कोणकोणत्या विद्या लागतात, आणि पलूसच्या विद्यार्थ्यांस तें परकें कां वाटूं नये, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या गाड्या इकडे आल्या कशा, तें पाहूं. हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं अमेरिकेंत 'मॉडेल टी' नांवाची गाडी बाजारांत आणली. अर्धवट जुळलेली गाडी कामगारांपुढून सरकत जावी व प्रत्येकानें आपलें ठराविक एकच काम करावें, अशी पद्धत त्यांनीं १९१३ सालीं सुरू केली. त्यामुळें किंमत उतरली, आणि १९२७ सालीं ही गाडी बंद होईपर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्या देशांत फोर्ड कंपनीची शाखा १९२६ सालीं निघाली. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना घातला, व तेथें शेव्हरोले गाड्यांची जुळणी होऊं लागली. हा कारखाना १९५४ सालीं बंद झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें तयार होत असत. आज महाराष्ट्रांत ज्या जुन्या अमेरिकन गाड्या दिसतात, त्यांतील पुष्कळशा अशा रीतीनें आलेल्या आहेत.

आतां अशा गाडीवर काम करणारे कारखाने दोन प्रकारचे असतात. एका ठिकाणीं मालकाच्या हौसेप्रमाणें गाडीचें रूपांतर करितात. जुन्या सांगाड्यावर नवें यंत्र, नवीं चाकें, नवा रंग चढवितात. दुसऱ्या ठिकाणीं गाडी कारखान्यांतून बाहेर पडली त्या दिवशीं जशी होती, तशी करण्याचा प्रयत्न असतो. यासच खरा जीर्णोद्धार म्हणावें. सरकारनेंही हा भेद ओळखला आहे. २०२१ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें, पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि सांगाडा, यंत्र वगैरेंत मोठा फेरफार न झालेल्या गाडीस निराळी नोंदणी मिळते. अशी गाडी नेहमींच्या वापरास किंवा धंद्यास मात्र लावतां येत नाहीं.

कोणी विचारील, नवें यंत्र घातल्यानें गाडी अधिक चांगली चालत असेल, तर जुन्याचा आग्रह कशाला? याचें उत्तर एका उदाहरणानें देऊं. मॉडेल टी गाडींत पेट्रोल ओढणारा पंप नव्हता. टांकी पुढच्या बैठकीखालीं असे, व तेथून पेट्रोल केवळ उतारानें यंत्राकडे वाहत जाई. टांकींत पेट्रोल थोडें असून चढ फार उभा लागला, तर यंत्राची बाजू टांकीहून उंच होई व पेट्रोल पोंचेना. मग चालक गाडी फिरवून उलटी चढवीत असत! अशा गाडीस आज विजेचा पंप बसविला तर अडचण दूर होईल, हें खरें. परंतु त्याबरोबर एक धडाही पुसला जाईल. थोडक्या खर्चांत गाडी देण्यासाठीं काय सोडावें लागलें आणि लोकांनीं त्यांतून वाट कशी काढली, हें त्या जुन्या नळीकडे पाहून कळतें. नव्या पंपाकडे पाहून कळत नाहीं.

प्रत्यक्ष कामाची पहिली पायरी हत्याराची नसून वहीची असते. गाडी उघडण्यापूर्वी प्रत्येक बाजूचें छायाचित्र घ्यावें, सांगाड्यावरील व यंत्रावरील क्रमांक लिहून घ्यावे, आणि निघालेल्या प्रत्येक भागास चिठ्ठी बांधावी. गंजलेला नट जोर करून फिरविला तर बोल्ट तुटतो. म्हणून तेल सोडून, बेतानें ऊन करून, वाट पाहावी लागते. पाना निवडतांनाही विचार हवा. अमेरिकन पान्याचें माप नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधील अंतरावरून, तर जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पान्याचें माप बोल्टच्या जाडीवरून ठरतें. एकाचा पाना दुसऱ्यास लावला कीं नटाचे कोपरे झिजलेच म्हणून समजावें. शिवाय अमेरिकेंत सुकाणूचें चाक डावीकडे, तर आपल्याकडे उजवीकडे असतें. त्यामुळें तिकडून मागविलेले सुकाणूचे भाग पुष्कळदां येथें बसत नाहींत.

पुढचें काम पत्र्याचें. गंजाच्या भोकांत लांबी भरून वरून रंग मारला, तर गाडी पहिल्या पावसाळ्यापर्यंत सुंदर दिसते! प्रामाणिक कारागीर कुजलेला भाग कापून टाकतो, तेवढाच नवा पत्रा हातोडीनें घडवून सांधतो. कांहीं गाड्यांच्या पत्र्याखालीं लाकडी सांगाडा असतो; तेथें सुताराचें काम पडतें.

यंत्राकडे वळलें म्हणजे याहूनही नाजूक विद्या लागते. १९२९ सालीं निघालेल्या शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरांच्या यंत्रांत फिरत्या दांड्याचीं बेअरिंगें तयार मिळणारीं नव्हतीं. कथिलांत थोडें अँटिमनी व तांबें मिसळून केलेला मऊ धातु वितळवून जागच्या जागीं ओतीत असत. निवाल्यावर तो योग्य मापाचा करावयाचा. मग दांड्यास निळा रंग लावून तो त्यांत फिरवावयाचा, आणि जेथें जेथें निळा डाग उठेल तो उंचवटा हातानें खरवडावयाचा. डाग सर्वत्र सारखा पडेपर्यंत हें चालतें. ही कला पुस्तक वाचून येत नाहीं. जाणत्या हाताशेजारीं उभें राहूनच ती शिकावी लागते. असे हात थोडे उरले आहेत, हीच या कामांतील खरी चिंता आहे.

आणि जो भाग जगांत कोठेंच मिळत नाहीं, त्याचें काय? तो नव्यानें ओतावा लागतो. येथें आम्हां पलूसकरांस ओळखीची भूमि लागते. बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० सालीं औंध संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयानें कुंडलजवळील माळरानावर आले, आणि तेथें त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. ती आज आपल्याच तालुक्यांत आहे. लोखंडी नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें तेथें तयार होऊं लागलीं. पंप तर आजही होतात.

समजा, जुन्या शेव्हरोलेच्या पाण्याच्या पंपाचें बिडाचें घर फुटलें. तो पंप विहिरीवरील पंपाचाच धाकटा भाऊ होय. पंखा फिरतो व पाणी बाहेरच्या बाजूस फेंकतो. फुटका भागच वाळूंत दाबून साचा घेतला तर? नवा भाग लहान होईल. कारण वितळलेलें बीड निवतांना एका फुटास सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. म्हणून सुताराला लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो, लेथवर घासल्या जाणाऱ्या बाजूंस आणखी जाडी ठेवावी लागते, आणि आंतील पोकळीसाठीं वाळूचा गाभा निराळा बनवावा लागतो. भूमितींतील प्रमाणाचा हिशेब व पदार्थविज्ञानांतील आकुंचन, दोन्ही येथें एका लांकडाच्या तुकड्यांत भेटतात.

यावरून आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगावयाचें कीं, जुन्या गाडीचा जीर्णोद्धार हा केवळ श्रीमंतांचा षोक नव्हे. मोडलेली वस्तु टाकून देण्यापूर्वी ती कोणी, कशी व कां बनविली हें समजून घेण्याची ती शाळा आहे. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलगा अगर मुलगी सुटीच्या दिवशीं गांवांतील फिटरच्या, सुताराच्या किंवा ओतशाळेंतील कारागिराच्या शेजारीं बसून राहिली, तर वेळ फुकट गेला असें मानूं नये. त्या कारागिराच्या हातांत जें आहे, तें त्याच्यामागें उरावयाचें असेल, तर कोणींतरी आजच त्याच्याजवळ बसलें पाहिजे.