घरच्या घरी ब्रेक पॅड : अडलं तर काय कराल?



भारतात असताना गाडीचं चाक खोलायची वेळ आमच्यापैकी कोणावरच आली नव्हती. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी सोडायची आणि संध्याकाळी घेऊन यायची. अमेरिकेत आल्यावर ब्रेकच्या कामाचं पहिलं एस्टिमेट हातात पडलं आणि आम्ही तिघा मित्रांनी ठरवलं, हे काम आपणच शिकायचं. तेव्हापासून आमचे शनिवार एकमेकांच्या ड्राइव्हवेवर जातात.

काम तसं सोपं आहे. चाक काढायचं, कॅलिपर सोडवायचा, पिस्टन मागे ढकलायचा, नवे पॅड बसवायचे. व्हिडिओत हे वीस मिनिटांत होतं, कारण व्हिडिओत काही अडकतच नाही. आपल्याकडे हमखास अडकतं. म्हणून हा लेख.

आधी आमची फजिती

पहिल्या गाडीचे पॅड बसले, चाकं चढली, चहा झाला. एकाने गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकलं! ड्राइव्हवे उताराचा, मागे रस्ता. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी कडेला थांबली. पाच मिनिटांपूर्वी तिथेच शेजारची मुलं सायकली फिरवत होती. नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

खरं तर बिघाड काहीच नव्हता. नवे जाड पॅड बसावेत म्हणून आपण पिस्टन मागे ढकलतो. त्यामुळे पॅड आणि रोटर यांच्यात फट राहते, आणि पेडलचे पहिले काही दाब ती फट भरण्यातच जातात. म्हणून पहिला नियम : इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू, अर्ध्यापर्यंतच, पुन्हा पुन्हा दाबा. ते घट्ट झालं की इंजिन सुरू करा आणि परत दाबून बघा. पेडल किंचित खाली जाईल, ते ठीक आहे. मगच गिअर टाका.

सुरुवातीलाच

गाडी सपाट जागी लावा, चाकांना अटकाव द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका, जॅक स्टँड हवेतच. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे विसरलं तर दुसरी बाजू बघता येते. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे बदला. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. धूळ हवा मारून उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, त्यावर बंदीचा नियम केला तो २०२४ मध्ये.

पिस्टन मागे जात नाही

फ्लुइडच्या डबीचं झाकण सैल करा आणि सी-क्लँप सावकाश फिरवा. डबी भरून वाहायला लागली तर थोडं फ्लुइड काढून घ्या. ते रंगावर सांडलं तर रंग जातो. (आमच्या शाकाहारी घरात टर्की बेस्टर फक्त याच कामाला आहे!)

मागच्या चाकाचा पिस्टन असेल तर जोर लावण्याआधी थांबा. अनेक गाड्यांत तो ढकलायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. त्याचं अवजार ऑटोझोनसारख्या दुकानात डिपॉझिट भरून वापरायला मिळतं, परत केलं की पैसेही परत. पार्किंग ब्रेक बटणाचा असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घालावी लागते. पद्धत मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर मोटर मोडेल.

नवे पॅड बसत नाहीत

जुना आणि नवा पॅड शेजारी ठेवून आकार जुळतो का ते बघा. जुळत असेल तर दोष बहुधा गंजाचा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. क्लिपांखाली गंज फुगतो आणि जागा अरुंद होते. हातोडीने पॅड ठोकू नका. क्लिपा काढा, ब्रॅकेट तारेच्या ब्रशने घासा, नव्या क्लिपा घाला. पॅड हाताने सरकला पाहिजे.

एका बाजूला ओढते, चाक तापतं

स्लाइड पिना अडकल्या असाव्यात. त्या काढून पुसा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि रोटरला ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

आवाज येतो

बारीक चीं-चीं येत असेल तर क्लिपा आणि पॅडची कडा तपासा. खरखर येत असेल तर रोटरमागचा पातळ पत्रा वाकून घासत असेल. पॅड उलटा, म्हणजे लोखंडाची बाजू रोटरकडे, बसलेला नाही ना, हेही बघा. हसू नका, असं होतं!

नवे पॅड रोटरवर बसावे लागतात. पाकिटावर काही वेगळं लिहिलं नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून ५ मैलांपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा, मध्ये थोडं थंड होऊ द्या.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं

हबवर गंज असला की रोटर तिरका बसतो. नट वेडेवाकडे आवळले तरी तेच. समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा. रोटर किती पातळ झाला तर बाद, ते त्याच्यावरच कोरलेलं असतं.

इथे मात्र थांबा

पेडल घट्ट होऊन पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल, स्पंजसारखं लागत असेल, किंवा कुठे ओल दिसत असेल, तर गाडी चालवू नका. गॅरेजपर्यंतही नाही. टो ट्रक बोलवा. फ्लुइडही झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट ३ किंवा ४ च्या गाडीत डॉट ५ कधीच नाही.

एक शंका नेहमी येते : घरी काम केलं तर वॉरंटी जाते का? नुसतं घरी केलं म्हणून जात नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा गाडीमालकाच्या बाजूने आहे. पावत्या आणि मैलांची नोंद ठेवा. गाडीचा सतरा अक्षरी व्हिन क्रमांक एनएचटीएसएच्या साइटवर टाकून रिकॉलही बघा. ती दुरुस्ती डीलर सहसा फुकट करतो. अपार्टमेंटमध्ये राहात असाल तर पार्किंगमध्ये दुरुस्तीला परवानगी आहे का, ते लीजमध्ये वाचा.

पैसे वाचतात हे खरं, पण अर्धवट राहिलेलं काम पूर्ण आहे असं समजून कोणी गाडी काढू नका. आम्ही आता काम संपलं की किल्ली एकाकडे देतो आणि दुसरा पेडल तपासतो. तो 'घट्ट आहे' म्हणाला की मगच किल्ली मिळते. चहा त्यानंतर.