डी ड्राइव्हला बॅकअप आहे? आधी पार्टिशनची यादी काढून बघा

दुकानाचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या कोणालाही विचारा, "बॅकअप घेता का?" उत्तर ठरलेलं असतं: "हो ना, डी ड्राइव्हला कॉपी करून ठेवतो." मीही हेच सांगायचो. मग एक दिवस काउंटरवरची हार्ड डिस्क बंद पडली. रिपेअरवाल्याला मी आरामात म्हटलं, "टेन्शन नाही, डी मध्ये सगळं आहे." तो म्हणाला, "भाऊ, सी अन् डी एकाच डिस्कवर आहेत." उधारीची पूर्ण यादी गेली. काही गिऱ्हाईकं स्वतःहून पैसे देऊन गेली, काहींना आठवलंच नाही.

म्हणून आज पाच मिनिटांचं काम शिकू: कोणता ड्राइव्ह कोणत्या डिस्कवर आहे, ते कमांडने कसं बघायचं.

डिस्क वेगळी, पार्टिशन वेगळं

आपल्या काटोलकडचं उदाहरण घ्या. एकाच वावरात मधे धुरा टाकला तर दोन तुकडे दिसतात. एकात संत्रा, दुसऱ्यात कपाशी. पण गारपीट झाली तर ती धुरा बघून पडत नाही. हार्ड डिस्क म्हणजे वावर, पार्टिशन म्हणजे त्यातले तुकडे. सी आणि डी ही तुकड्यांना दिलेली नावं आहेत. (ए आणि बी ही अक्षरं पूर्वी फ्लॉपीसाठी होती, म्हणून हार्ड डिस्क सी पासून सुरू होते.)

'धिस पीसी' उघडलं की फक्त अक्षरं दिसतात. ती एका डिस्कची की दोन, हे तिथे पटकन कळत नाही.

यादी कशी काढायची (विंडोज १० आणि ११)

सगळ्या कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. प्रत्येक कमांडनंतर एंटर.

१. विंडोजचं बटण दाबा, 'सीएमडी' टाइप करा. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा, मग 'यस' करा.

२. 'डिस्कपार्ट' टाइप करा. हा एकच शब्द आहे, मधे जागा सोडायची नाही.

३. 'लिस्ट डिस्क' टाइप करा. जोडलेल्या सगळ्या डिस्क दिसतील. मोजणी शून्यापासून होते, म्हणजे पहिली डिस्क ०. पेन ड्राइव्ह लावला असेल तर तोही इथे येतो.

४. 'सिलेक्ट डिस्क ०' टाइप करा. याने काही बदलत नाही, फक्त "या डिस्कबद्दल बोलतोय" एवढं सांगितलं जातं.

५. 'लिस्ट पार्टिशन' टाइप करा. त्या डिस्कचे सगळे तुकडे दिसतील.

६. 'डिटेल डिस्क' टाइप करा. आपल्याला हवं ते इथे आहे. डिस्कचं मॉडेल, आणि खाली त्या डिस्कवरच्या ड्राइव्हची अक्षरं.

इथे सी आणि डी दोन्ही दिसले, तर समजा की तुमचा बॅकअप त्याच वावरात आहे. फक्त सी दिसला, तर 'सिलेक्ट डिस्क १' करून पुन्हा 'डिटेल डिस्क' बघा. जुन्या कॉम्प्युटरला नंतर एसएसडी बसवली असेल तर बऱ्याचदा सी एसएसडीवर आणि डी जुन्या डिस्कवर असतो.

७. झालं की 'एक्झिट' टाइप करा.

यादी बघून घाबरू नका

अक्षर नसलेली छोटी पार्टिशन दिसतील. 'सिस्टम' नावाचं, बहुतेक १०० एमबीच्या आसपासचं, कॉम्प्युटर सुरू व्हायला लागतं. 'रिझर्व्ह्ड' १६ एमबीचं असतं. 'रिकव्हरी' विंडोज दुरुस्तीसाठी असतं. ही फालतू समजून उडवू नका.

५०० जीबीची डिस्क ४६५ जीबी दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज साधारण १०७ कोटी ३७ लाख धरतं. म्हणून १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात.

'लिस्ट डिस्क'मध्ये 'फ्री'खाली शून्य दिसलं तर डिस्क भरली असं नाही. तिथे फक्त पार्टिशन न केलेली जागा दिसते.

या तीन कमांडपासून लांब राहा

'लिस्ट' आणि 'डिटेल' फक्त दाखवतात. पण त्याच खिडकीत 'क्लीन', 'फॉरमॅट' आणि 'डिलीट' पण चालतात. 'क्लीन' तर "खात्री आहे का?" असं विचारतही नाही, निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशन काढून टाकतो. व्हिडिओ बघून पेन ड्राइव्ह दुरुस्त करायला जातात आणि चुकून डिस्क ० निवडलेली राहते. साइज बघितल्याशिवाय, आणि 'लिस्ट डिस्क'मध्ये निवडलेल्या डिस्कसमोर तारा आहे ना हे बघितल्याशिवाय, पुढे जायचं नाही.

मग बॅकअप कुठे?

जीएसटी नोंदणी असेल तर हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे सहा वर्षं. एका डिस्कच्या भरवशावर ते सोडणं धंद्याला परवडत नाही.

एक कॉपी एक्सटर्नल डिस्कवर घ्या आणि ती कॉम्प्युटरला लावून न ठेवता घरी न्या. दुसरी गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागी ठेवा. त्याआधी डेटा नेमका कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघा. टॅलीमध्ये कंपनी निवडताना डेटा पाथ दिसतो.

आज दुकान बंद करण्याआधी एवढं करा: 'डिटेल डिस्क'मध्ये जे दिसलं ते कागदावर लिहा. कोणती डिस्क, किती जीबी, कोणती अक्षरं. तो कागद कॅबिनेटवर चिकटवा. फॉरमॅट मारायला कोणी आलं, की आधी तो कागद दाखवा आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आहे याची खात्री करा. मगच हात लावू द्या.